गरोदरपण आणि टॉक्सोप्लाझ्मा: रिपोर्ट कसा वाचायचा आणि खरी काळजी कुठे घ्यायची (नाशिक)

सीरम_सेंट्रिफ्यूज (नाशिक रोड)

नाशिकच्या आई-बाळ गटांवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नववा-दहावा आठवडा, टॉर्च पॅनेलमध्ये (बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) टॉक्सो आयजीएम (संसर्गानंतर रक्तात आधी येणारं प्रतिद्रव्य) पॉझिटिव्ह, घरात मांजर, आता काय? खाली प्रतिसाद येतात: मांजर सोडून या, गोळ्या सुरू करा, आणि कुणीतरी थेट गर्भ खाली करायचा सल्ला देतं. या तिन्ही सल्ल्यांत रिपोर्ट नीट वाचलेलाच नसतो. म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूने आधी लिहिते. प्रसूतितज्ज्ञ आणि पशुवैद्यकांनी खाली भर घालावी.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय (थोडक्यात टॉक्सो) हा एकपेशीय परजीवी, अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा मांजराच्या विष्ठेने दूषित माती-भाजी-पाण्यातून येणारा. निरोगी बाईला तो शिरल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही. फार तर मानेतल्या गाठी सुजतात, चार दिवस कणकण राहते. अंगात शिरल्यावर साधारण आठवडाभरात आयजीएम दिसायला लागते, १-२ आठवड्यांत आयजीजी (मागून येणारं, टिकून राहणारं प्रतिद्रव्य). आयजीजी ६-८ आठवड्यांत कळसाला पोचते, मग उतरते, पण आयुष्यभर राहते. गोम आहे ती आयजीएमची. काही जणींमध्ये ती महिनोन्‌महिने, कधी वर्षाच्याही पुढे रेंगाळते. शिवाय काही किट खोटं पॉझिटिव्हही दाखवतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९७ साली याच कारणासाठी डॉक्टरांना लेखी सूचना पाठवली होती की एकट्या आयजीएमवरून 'नवा संसर्ग' ठरवू नका.

आता जोड्या बघा.

दोन्ही निगेटिव्ह: आजवर संसर्ग झालेला नाही, म्हणजे संरक्षणही नाही. काळजी सर्वांत जास्त हिनेच घ्यायची. प्रत्यक्षात हा रिपोर्ट बघून घरचे निर्धास्त होतात.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आणि तपासणी पहिल्या तिमाहीतली: जुना संसर्ग. बाई निरोगी असेल तर बाळाला धोका जवळपास नाही. विषय संपला. आयजीजीचा आकडा ३०० आला म्हणून संसर्ग नवा ठरत नाही.

आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह: एक तर अगदी ताजा संसर्ग किंवा खोटं पॉझिटिव्ह. २-३ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. संसर्ग खरा असेल तर आयजीजी उगवतेच. नाही उगवली तर ती आयजीएम खोटी.

दोन्ही पॉझिटिव्ह: इथे आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (आयजीजी परजीवीला किती घट्ट चिकटते याची तपासणी) करायची. ती 'हाय' आली तर गेल्या ४ महिन्यांत संसर्ग झालेला नाही. मात्र 'लो' आली म्हणजे संसर्ग ताजाच आहे असं नाही, कारण काहींची अ‍ॅव्हिडिटी वर्षभरसुद्धा लो राहते. हा नियम उलटा वाचला जातो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

प्रसूतिकक्ष_पंचवटी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. अ‍ॅव्हिडिटी कितव्या आठवड्यात केली हे फार महत्त्वाचं आहे, ते जोडतो. दहाव्या आठवड्यात हाय आली तर संसर्ग गर्भधारणेच्या आधीचा, मोकळे झालो. पण बाविसाव्या आठवड्यात हाय आली तर फक्त शेवटचे ४ महिने सुटले. सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. अशा वेळी पहिल्या भेटीतलं सीरम (रक्तातला पातळ भाग) प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेलं असेल तर ते आणि आजचं, दोन्ही नमुने एकाच दिवशी एकाच मशीनवर लावून घ्यायचे. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, किटची एककं आणि कटऑफ वेगळे असतात.

धोक्याचं गणितही नीट समजून घ्या, ते थोडं विचित्र आहे. गर्भार असताना पहिल्यांदाच संसर्ग झाला तर तो वारेतून बाळापर्यंत पोचण्याची शक्यता दिवसांबरोबर वाढत जाते: तेराव्या आठवड्याच्या सुमारास ६ टक्के, सव्विसाव्याला ४० टक्के, छत्तिसाव्याला ७० टक्क्यांच्या घरात. पण बाळाला होणारी इजा नेमकी उलट चालते. लवकर पोचला तर मेंदूत पाणी साठणं, कॅल्शियमचे ठिपके, गर्भपात. उशिरा पोचला तर बहुतेक बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि डोळ्यांचा त्रास नंतर उपटतो.

औषधांकडे येतो. नवा संसर्ग खात्रीचा किंवा दाट संशयाचा असेल आणि १८ आठवडे झाले नसतील तर स्पायरामायसिन, १ ग्रॅम म्हणजे ३० लाख युनिटची गोळी, दर ८ तासांनी. ते वारेत साठतं आणि परजीवीला पलीकडे जाऊ देत नाही. बाळापर्यंत ते पुरेसं पोचत नाही, म्हणून बाळाला संसर्ग झालाच असेल तर त्याच्यावर उपाय म्हणून ते कमी पडतं.

आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे आयजीएम दिसली की ५ किंवा १० दिवसांचा कोर्स लिहून मोकळं व्हायचं. या कोर्सला आधार नाही. गरज असेल तर औषध पुढच्या, म्हणजे गर्भजलाच्या तपासणीपर्यंत अखंड, आणि ती तपासणी निगेटिव्ह आली तरी बहुधा बाळंतपणापर्यंत चालतं. गरज नसेल तर एकही गोळी नको. आणखी एक: अ‍ॅव्हिडिटीचं रक्त गोळ्या सुरू करण्याआधी काढून घ्या, कारण उपचारांनी अ‍ॅव्हिडिटी वाढण्याचा वेग मंदावू शकतो. रिपोर्टसाठी मात्र गोळ्या अडवून ठेवू नका. रक्त काढलं की त्याच दिवशी सुरू करता येतात.

बाळाला संसर्ग झाला का, हे गर्भजलाच्या पीसीआरवरून (परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) ठरतं. १८ आठवडे पूर्ण झालेले हवेत आणि आईच्या संसर्गाला किमान ४ आठवडे उलटलेले हवेत. घाई केली तर खोटं निगेटिव्ह येतं. पीसीआर पॉझिटिव्ह आला तर पायरीमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक अ‍ॅसिड असं तिघांचं मिळून. इथे औषधाच्या दुकानात घात होऊ शकतो: फोलिनिकच्या जागी नेहमीची फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. फोलिक अ‍ॅसिड पायरीमेथामिनचा परजीवीवरचा परिणामच मारतं. चिठ्ठीवर 'ल्युकोव्होरिन' (फोलिनिक अ‍ॅसिडचंच दुसरं नाव) असं स्वच्छ लिहून घ्या. पायरीमेथामिन पहिल्या तिमाहीत द्यायचं नाही. ते अस्थिमज्जा दाबतं, म्हणून दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). सल्फाने मूत्रपिंडात खडे होऊ शकतात, पाणी भरपूर प्यायचं. जी-सिक्स-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी आधी.

गटप्रवर्तक_पेठ

दोघांनाही धन्यवाद. एक प्रश्न. आमच्याकडे प्राथमिक केंद्रात गरोदर मातांची एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, हिमोग्लोबिन, साखर, लघवी ही सगळी तपासणी होते, टॉक्सोची होत नाही. बाहेरून कुणी एखादा गर्भपात झाला की लगेच टॉर्च सांगतं. आशाताईंनी मातांना नेमकं काय सांगावं?

सीरम_सेंट्रिफ्यूज (नाशिक रोड)

एका गर्भपातानंतर, किंवा वारंवार गर्भपात झाले म्हणून टॉर्च करून हाती काही लागत नाही. इंग्लंडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने वारंवार गर्भपातांसाठीची टॉर्च तपासणी सोडून द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. जुना टॉक्सो निरोगी बाईत पुन्हा पुन्हा गर्भपात घडवत नाही. फ्रान्समध्ये दोन्ही निगेटिव्ह असलेल्या प्रत्येक गरोदर बाईची दर महिन्याला तपासणी होते, पण तिथे पुढची सगळी साखळी उभी आहे: खात्रीची तपासणी, गर्भजल, औषध, बाळाचा पाठपुरावा. आपल्याकडे ती साखळी नसताना एकच पॅनेल करून सोडणं म्हणजे नुसती धास्ती विकत घेणं.

तपासणी कुणाची करावी? मानेतल्या गाठी सुजून ताप आला, सोनोग्राफीत मेंदूत पाणी, कॅल्शियमचे ठिपके किंवा यकृत-प्लीहा वाढलेली दिसली, किंवा एचआयव्ही असून सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार खाली गेल्या आहेत. शेवटच्या गटात जुना संसर्गही पुन्हा उठू शकतो.

प्रसूतिकक्ष_पंचवटी

थोडा मतभेद नोंदवतो. जी बाई गर्भधारणेचं ठरवते आहे आणि जिचं काम माती, शेळ्या-मेंढ्या किंवा मटणाचं आहे, तिने गर्भधारणेच्या आधी एकदा फक्त आयजीजी करून ठेवली तर फायदा होतो. नंतर आयजीएमचा घोळ झालाच तर हातात जुना कागद असतो. पूर्ण टॉर्चची गरज नाही.

सीरम_सेंट्रिफ्यूज (नाशिक रोड)

गर्भधारणेच्या आधी असेल तर मान्य.

ओटा_आणि_चूल (कॉलेज रोड)

आहाराच्या बाजूने लिहिते. संसर्ग दोन वाटांनी येतो आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ते एकत्र केले की चुकतं.

पहिली वाट मांसातली. बोकडाच्या, मेंढीच्या, डुकराच्या, कोंबडीच्या स्नायूंत परजीवीच्या बारीक पुटी असतात. त्या ६७ अंश सेल्सिअसला मरतात. कुकरमध्ये पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर तापमान जातं, तेव्हा शिट्ट्या घेऊन शिजवलेल्या मटणाला घाबरायचं कारणच नाही. धोका बाकीच्या प्रकारांत. खिमा मोठ्या आचेवर परतला की वरून तपकिरी होतो पण गुठळीच्या आत गुलाबी राहतो. उलथन्याने गुठळ्या फोडून, झाकण ठेवून वाफ काढा. कलेजी तव्यावर दोन मिनिटं परतून 'नरम' म्हणून खातात, ती आत कच्ची असते. कोळशावरचे कबाब तसेच. थर्मामीटर असेल तर अख्ख्या तुकड्याच्या मध्यात ६३ आणि उतरवल्यावर ३ मिनिटं थांबायचं, खिम्याला ७१, कोंबडीला ७४.

आणि एक सवय मोडायलाच हवी: मटणाला हळद-मीठ-आलं-लसूण चोळताना मीठ बघायला बोट चाटणं. तो कच्च्या मांसाचाच रस आहे. मीठ बघायचं तर रस्सा खळखळून उकळल्यावर, तुकडे शिजल्यावर.

ओट्यावरचा क्रम पाळा. आधी कोशिंबीर चिरा, झाकून बाजूला ठेवा, मग मटणाची पिशवी उघडा. नळाच्या धारेखाली मटण धुताना शिंतोडे दोन हात लांब उडतात, बाजूला काकडी-टोमॅटो उघडे नकोत. विळी, सुरी, पाट, सिंक गरम पाणी आणि साबणाने धुवायचे. नखांत राहतं, तिथे ब्रश फिरवा.

गोठवण्याने पुटी मरतात, पण डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना सलग काही दिवस ठेवलं तर. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर भिस्त ठेवू नका, त्यात दिवसातून दोनदा वीज गेली तर मुळीच नको. मायक्रोवेव्हने सगळीकडे सारखं तापत नाही, त्यावरही विसंबू नका.

दुसरी वाट मांजराच्या विष्ठेतून मातीत, तिथून भाजीत आणि पाण्यात. तिथल्या रूपाला ऊसिस्ट म्हणतात आणि ते फार चिवट आहे. फ्रीझरने मरेलच असं नाही. व्हिनेगर, मीठ, पोटॅशियम परमँगनेट, ब्लीच, पाण्यातलं क्लोरीन, कशानेच मरत नाही. उष्णतेने मरतं. म्हणून पालेभाजीला 'कशात भिजवू' हा प्रश्नच चुकीचा. मेथी, कोथिंबिरीची जुडी सोडा, मुळं छाटा, काड्या सुट्या करून मोठ्या पातेल्यात खळबळा, वरची भाजी हाताने उचलून काढा (पाणी ओतून टाकलं तर तळाची माती पुन्हा भाजीवर बसते), पाणी बदला. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. शेवटी वाहत्या धारेखाली. एवढं करूनही गरोदरपणात कोथिंबीर कच्ची भुरभुरण्याऐवजी उकळत्या आमटीत टाका. मिसळ खायची तर रस्सा उकळता असतोच, वरचा कच्चा कांदा-कोथिंबीर बाहेरचा असेल तर बाजूला ठेवायचा. गाजर, मुळा, बीट सोलून घ्या.

तपोवन_७ (पंचवटी)

नळाच्या पाण्याचं काय? आरओ आहे, पण सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलंय आणि मांजरं तिथे फिरतात.

ओटा_आणि_चूल (कॉलेज रोड)

ऊसिस्ट १०-१२ मायक्रॉनचं असतं, आरओच्या पडद्यातून ते पार होत नाही. जोडण्या गळत नसतील तर प्यायचं पाणी ठीक. पण भाज्या, फळं टाकीच्याच पाण्याने धुतली जातात, त्यामुळे झाकण आधी बसवा. टँकर, विहीर, बोअर असेल तर पाणी उकळून प्या. पाण्यातून साथ येते हे कागदावरचं भय नाही: १९९५ साली कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरात शहराच्या पाणीपुरवठ्यातून टॉक्सोची साथ आली होती, आणि कोइमतूरमध्ये डोळ्यांच्या टॉक्सोची जी साथ आली तिचा संशयही शहराच्या पाण्यावरच होता.

जनावरांचा_दवाखाना_निफाड

मांजरावर लिहितो, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो.

ऊसिस्ट फक्त मांजरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेत बाहेर पडतं. पण मांजर ते आयुष्यभर टाकत नाही. पहिल्यांदा उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन संसर्ग झाला की १ ते ३ आठवडे टाकतं, तेव्हा लाखोंनी. पुढे बहुधा नाही. ताजी विष्ठा संसर्गजन्य नसते. ऊसिस्ट पिकायला १ ते ५ दिवस लागतात. यावरून घरातल्या मांजराचा नियम ठरतो: लिटरचा ट्रे रोज, २४ तासांच्या आत साफ करायचा. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे, मास्क आणि नंतर साबणाने हात. ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं ठेवा. फिनाईल, ब्लीचवर वेळ घालवू नका.

मांजराला कच्चं मटण, कच्ची कलेजी, खाटकाकडचे तुकडे बंद. शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणं. गरोदरपणात नवं पिल्लू किंवा रस्त्यावरचं मांजर घरात आणू नका. मांडीवर घेण्याने, अंगावरून हात फिरवण्याने होण्याची शक्यता फार कमी, कारण मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं आणि अंगावर विष्ठा ५ दिवस टिकत नाही. मांजराची आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरून येतात, खरं तर त्याचा अर्थ ते बहुधा टाकून मोकळं झालंय. जुन्या, घरात राहणाऱ्या मांजराला वेशीबाहेर सोडून काहीही साधत नाही.

शेळ्या-मेंढ्यांचं मात्र गंभीर आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. टॉक्सोमुळे शेळ्या-मेंढ्यांत गाभ जातो. सिन्नर, येवला, नांदगाव पट्ट्यात शेळी विताना घरातली बाईच हात लावते. गरोदर बाईने विणाऱ्या किंवा गाभ टाकलेल्या शेळीजवळ जायचं नाही. वार, मेलेलं करडू, ओला गोठा, काहीच नाही. त्यात ब्रुसेलाही असू शकतो. वार खोल पुरा, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका. शेळीचं धारोष्ण दूध बंद. उकळी आणून प्या.

बोद_आणि_वाफा (पिंपळगाव बसवंत)

शेतीच्या बाजूने एक जागा दाखवतो. कांदा चाळीत उंदीर, उंदरांमागे मांजरं, आणि मांजराला विष्ठा पुरायला भुसभुशीत माती लागते. ती मिळते कुठे? चाळीशेजारच्या रोपवाटिकेच्या वाफ्यात, द्राक्षाच्या बोदावर (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) टाकलेल्या शेणखतात, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. ओल्या, सावलीतल्या मातीत ऊसिस्ट वर्षभराहून अधिक टिकतं.

सर्वांत जास्त हात मातीत जातो तो कांदा लागवडीत. ओल्या वाफ्यात बसून दिवसभर उघड्या बोटांनी रोप दाबायचं, आणि दुपारी बांधावर भाकरी. लागवडीला हातमोजे चालत नाहीत, रोप बोटांतून निसटतं, हे आम्हालाही माहीत आहे. तेव्हा व्यवहार्य एवढंच: नखं बारीक कापलेली, बांधावर पाण्याचा वेगळा कॅन आणि साबण, आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही. वाफ्याच्या पाटातलं पाणी हात धुवायला वापरायचं नाही, त्यात तीच माती असते. रानातून उपटलेलं गाजर, कांद्याची पात पदराला पुसून खाऊ नये. जमलं तर गरोदर बाईला लागवड-निंदणीऐवजी द्राक्षघडांच्या विरळणीचं काम द्या, तिथे हात मातीत जात नाहीत. फवारणीच्या दिवशी मात्र बागेत तिला अजिबात नेऊ नका.

शहरात गच्चीवर कुंड्या आणि खतनिर्मिती करणाऱ्या ताईंनाही हेच: हातमोजे, आणि कुंडीवर जाळी.

गटप्रवर्तक_पेठ

हे नेमकं हवं होतं. साबण आणि वेगळा कॅन, एवढं मुकादमालाही सांगता येईल. बाळ जन्मल्यावर काय बघायचं?

नवजात_कक्ष (इंदिरानगर)

आईला गरोदरपणात संसर्ग झाल्याचं नक्की असेल तर बाळ कितीही गुटगुटीत दिसलं तरी तपासायचं. बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा, मेंदूची सोनोग्राफी, गरज वाटल्यास सीटी, आणि रक्तात आयजीजी, आयजीएम, आयजीए (आणखी एक प्रतिद्रव्य). नाळेचं रक्त शक्यतो नको, त्यात आईचं रक्त मिसळून खोटं पॉझिटिव्ह येतं. बाळाचंच घ्या.

बाळाची आयजीजी पॉझिटिव्ह येणारच, ती आईकडून आलेली असते. बाळाला संसर्ग नसेल तर ती उतरत उतरत वर्षाच्या आत नाहीशी होते. दर ४-६ आठवड्यांनी बघत राहायचं. उतरायची थांबली किंवा वाढली तर ती बाळाची स्वतःची. संसर्ग ठरला तर त्याच तीन औषधांचा उपचार साधारण वर्षभर, वजन वाढेल तसा डोस बदलत आणि सीबीसीवर लक्ष ठेवत. पालक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात 'बाळ छान आहे' म्हणून औषध बंद करतात, तसं करू नका. डोळ्यांची तपासणी पुढे कुमारवयापर्यंत चालू ठेवायची, कारण पडद्यावरचे नवे डाग तेव्हाही येऊ शकतात. मूल तिरळं बघतंय, टीव्हीच्या फार जवळ जातंय, ही लक्षणं शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवावीत.

स्तनपान बंद करायचं काहीच कारण नाही.

तपोवन_७ (पंचवटी)

शेवटचं विचारतो. एकदा असा संसर्ग होऊन गेला, तर पुढचं मूल कधी? आणि केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनी रिपोर्ट चुकतो असं ऐकलं, खरं आहे का?

प्रसूतिकक्ष_पंचवटी

ताज्या संसर्गानंतर ६ महिने थांबा असा सर्वसाधारण सल्ला आहे. त्यानंतरच्या गरोदरपणात टॉक्सोची तपासणी पुन्हा करायची गरज नाही. आयजीजीचा जुना रिपोर्ट फाइलच्या पहिल्याच पानाला लावा, म्हणजे कुणी पुन्हा पॅनेल लिहिलं तर दाखवता येईल.

सीरम_सेंट्रिफ्यूज (नाशिक रोड)

बायोटिनचं खरं आहे. काही मशीनची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यात मोठ्या डोसने निकाल चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा, फॉर्मवर लिहून घेतात. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थांबवायची गरज नाही.